कोकणातला कोणता बीच सेफ? दिवाळीत समुद्रावर जाण्याआधीचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: लक्ष्मीपूजन आटोपून पुण्याहून दोन गाड्यांनी चौदा जण निघणार. पाच मुलं, दोन आजी-आजोबा. हरिहरेश्वर-श्रीवर्धन, मग गणपतीपुळे, शेवटी मालवण. तिघांना चांगलं पोहता येतं. यांतला सुरक्षित समुद्रकिनारा कोणता, आणि पोहणाऱ्यांनी कितपत आत जावं?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण ते लहान आहे. गुडघ्यापर्यंत. पोहता येणाऱ्यांनीही. विहिरीत, कालव्यात किंवा तरणतलावात पोहणं वेगळं आणि फुटत्या लाटांत पोहणं वेगळं. विहिरीत दमलात तर दोन हात मारून कडेला येता. समुद्रात दमता तेव्हा कड तुमच्यापासून लांब चाललेली असते. शिवाय चांगलं पोहणारा माणूस आत जातो, म्हणून न पोहणारे त्याच्यामागून आत जातात.

पहिल्या भागाचं उत्तर मोठं आहे. अमुक बीच सुरक्षित आणि तमुक धोक्याचा अशी यादी मी देणार नाही, कारण तशी यादी खोटी ठरते. सकाळी आठला जिथे लहान मूल खेळू शकतं, तिथेच दुपारी तीनला मोठा माणूस ओढला जातो. मुरूड-जंजिऱ्याचा किनारा पाहून कोणीही म्हणेल, किती सपाट आणि शांत. तिथेच १ फेब्रुवारी २०१६ ला पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तेव्हा पावसाळा नव्हता आणि उधाणही नव्हतं. चंद्र अर्धा होता, म्हणजे भांगाचे दिवस, जेव्हा भरती-ओहोटीचा जोर सगळ्यात कमी असतो. पुढच्या वर्षी, १५ एप्रिल २०१७ ला, मालवणजवळ वायरी-भूतनाथला बेळगावच्या कॉलेजचे ८ जण गेले. तोही ऐन उन्हाळा. ‘पावसाळा सोडला तर भीती नाही’ हा समज डोक्यातून पूर्ण काढून टाका. पावसाळ्यात समुद्र उघडपणे भीतिदायक दिसतो, म्हणून बहुतेक लोक लांब राहतात. फसवतो तो ऑक्टोबर ते मेमधला निळा समुद्र.

तेव्हा विचारायचं ते असं: या जागी, या तासाला, पाणी काय करतंय? हे बऱ्यापैकी वाचता येतं.

सुरुवात तिथीपासून करा. कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. दुपारी तीन आणि पहाटे तीनच्या सुमाराला पाणी पूर्ण भरतं. त्यात सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी, म्हणजे नऊला. दोन्ही पक्षांना हाच हिशेब. रोज वेळ साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. मुंबई-रायगडला हा आकडा अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो आणि दक्षिणेला मालवण-गोव्याकडे भरती आणखी थोडी लवकर येते. म्हणून घरी बसून बेत आखायला तिथी वापरा, पण पाण्यापाशी जाण्याआधी त्या त्या बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक मोबाइलवर बघाच. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था ते देते, लाटांचा अंदाज आणि इशारेही देते.

आता हा हिशेब तुमच्या सहलीला लावा. लक्ष्मीपूजन म्हणजे अमावास्या. उधाणाचे दिवस. पूर्ण भरती दुपारी बाराच्या सुमाराला, पूर्ण ओहोटी संध्याकाळी सहाच्या सुमाराला. पाणी सहा तास सारख्या वेगाने उतरत नाही. पहिल्या तासात जेमतेम बारावा हिस्सा उतरतं, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, मग परत दोन आणि एक. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोन तासांत निघून जातं. अमावास्येला ते दोन तास दुपारी दोन ते चार. भाऊबीज म्हणजे द्वितीया, भरती दीडला, जोराची ओहोटी साडेतीन ते साडेपाच. पर्यटक काय करतो? दुपारी एकला हॉटेलवर पोचतो, मासे खातो, थोडा आडवा होतो आणि साडेतीनला मुलांना घेऊन समुद्रावर जातो. दिवाळीचं वेळापत्रक आणि ओहोटीचं वेळापत्रक एकमेकांवर नेमकं बसतं, आणि हे वाईट आहे.

आठ-नऊ दिवस उशिरा निघता आलं तर अष्टमी-दशमीच्या आसपास पोचाल. तेव्हा भांग असतो, ओहोटी दुपारी बारा-दीडला संपलेली असते आणि संध्याकाळभर पाणी हळूहळू चढत असतं. त्यानेही सगळं सुरक्षित होत नाही, मुरूडचा दिवस वर सांगितलाच आहे. पण दोनपैकी एक निवडायचं असेल तर मी डोळे झाकून अष्टमी निवडीन.

भरती-ओहोटीपेक्षा जास्त माणसं नेणारी गोष्ट म्हणजे ओढ. इंग्रजीत रिप करंट म्हणतात, आता आपल्याकडेही रिपच म्हणू लागलेत. ती कशी होते ते नीट समजून घ्या, कारण समजलं की दिसू लागते. लाटा किनाऱ्याकडे पाणी आणून टाकतात. ते पाणी परत जायला हवं. किनाऱ्याला समांतर, थोडं आत, पाण्याखाली वाळूचा दांडा असतो. त्या दांड्याला कुठेतरी खिंडार असतं. कुंपणाला एकच फाटक असलं की सगळी गुरं त्याच फाटकातून बाहेर पडतात, तसं आजूबाजूच्या पन्नास-शंभर मीटरमधलं पाणी आडवं वाहत त्या खिंडाराकडे येतं आणि तिथून जोरात समुद्राकडे निघतं. ही पट्टी बऱ्याचदा दहा ते तीस मीटरच रुंद असते. वेग साधारण अर्धा ते एक मीटर सेकंदाला, लाटा मोठ्या असल्या तर दोन मीटरच्याही वर. सराव नसलेला माणूस सेकंदाला अर्धा मीटरसुद्धा फार वेळ पोहू शकत नाही. म्हणजे साध्या ओढीविरुद्धही तो जागच्या जागी राहतो किंवा मागे जातो.

दिसते कशी? किनाऱ्यावर लाटांची पांढरी रांग पाहा. ती मधेच तुटलेली दिसली, डावीकडे-उजवीकडे फेस आहे आणि मधे एक गडद, सपाट, शांत पट्टी आहे, तर ती शांत पट्टी म्हणजेच ओढ. तिथे पाणी खोल आहे म्हणून लाट फुटत नाही. त्या पट्टीतून गढूळ, वाळूमिश्रित पाणी किंवा फेसाचे पुंजके बाहेर सरकताना दिसतात. पृष्ठभागावर बारीक कुरळ्या लाटा असतात. सगळ्यात दुःखाची गोष्ट ही, की नवख्या कुटुंबाला मुलांसाठी नेमकी तीच जागा पसंत पडते, कारण ‘इथे लाटा नाहीत’. जिथे लाटा फुटत नाहीत तिथे पाय ठेवू नका, हे एक वाक्य मुलांकडून पाठ करून घ्या.

ओढ वाळूतून दिसत नाही, उंचीवरून दिसते. बांधावर, सुरूच्या बनाच्या उंचवट्यावर किंवा हॉटेलच्या गच्चीत उभं राहून वीस मिनिटं पाणी बघा. वीस मिनिटं जास्त वाटतील, पण लाटा टोळीने येतात. बराच वेळ लहान लाटा, मग दोन-चार मोठ्या एकामागोमाग. पाच मिनिटं बघितलं तर मोठी टोळी दिसणारच नाही आणि तुम्ही लहान लाटांवरून अंदाज बांधून आत जाल. सुकी काटकी किंवा शहाळ्याची करवंटी पाण्यात टाका. ती कुठे सरकते ते पाहा. आडवी सरकत एका जागी जाऊन मग आत निघाली, तर ती जागा कळली. पाहून झालं की काटकी-करवंटी परत आली तर उचला.

दिवाळीच्या सुमाराला यात एक जास्तीची अडचण असते. पावसाळ्यात लाटा किनाऱ्याची वाळू ओढून आत नेतात आणि ऑक्टोबरपासून ती हळूहळू परत येते. त्यामुळे दिवाळीत दांडे आणि खिंडारं नवीन असतात. ‘गेल्या मे महिन्यात आम्ही इथेच डुंबलो होतो’ याला काही अर्थ नाही. मे महिन्यातला तळ आता तिथे नाही. तुम्हाला नवीन तळ माहीत नाही. गावातल्या कोळ्याला, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणाऱ्याला माहीत असतो. त्याला विचारा, ‘काका, आज पाण्याला ओढ कुठे आहे?’ बीच सेफ आहे का असं विचारलंत तर चांगुलपणाने हो म्हणतील. ओढ कुठे आहे विचारलंत तर हात करून जागा दाखवतील.

आणखी दोन गोष्टी निघायच्या दिवशी बघा. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचाही काळ. २०१९ च्या दिवाळीत ‘क्यार’ वादळ भारताच्या किनाऱ्याला धडकलं नाही, ओमानच्या दिशेला निघून गेलं, तरी त्याच्या लाटांनी सिंधुदुर्गात देवबागसारख्या गावांत पाणी शिरलं. डोक्यावर ऊन असताना लांबच्या वादळाच्या लाटा येऊ शकतात. इन्कॉइसच्या अंदाजात लाटेची उंची बघालच, पण दोन लाटांमधलं वेळेचं अंतरही बघा. ते चौदा सेकंदांच्या वर असेल, तर लाट लांबून, ताकद घेऊन आली आहे. तशी एक मीटरची लाट वाऱ्याच्या एक मीटर लाटेपेक्षा खूप जास्त पाणी वर चढवते. त्या दिवशी कोरड्या वाळूवर बसा.

आता तुमच्या वाटेवरच्या जागा.

हरिहरेश्वरला देवळामागची प्रदक्षिणा लोक चुकवत नाहीत. दोन कातळभिंतींमधून पायऱ्या उतरून खाली समुद्राच्या कडेच्या खडकांवर यायचं आणि वळसा घालून परत. वाट सुंदर आहे आणि तिने अनेक बळी घेतले आहेत. ती फक्त ओहोटीची वाट आहे. अमावास्येला पूर्ण ओहोटी पहाटे सहाच्या सुमाराला, भाऊबीजेला साडेसातला. पूर्ण ओहोटीच्या आधी तासभर खाली उतरा आणि ओहोटी संपायच्या आत वळसा पूर्ण करा. पायऱ्यांच्या वरच थांबून खडकाचा रंग बघा. कोरडा फिकट कातळ कुठे संपतो आणि ओला काळा कातळ कुठे सुरू होतो, ती रेघ म्हणजे गेल्या काही मिनिटांत लाट जिथपर्यंत आली ती जागा. वाट त्या रेघेच्या वर असेल तरच चला. हिरवं शेवाळ दिसलं की चप्पल-बूट कुठलेही असोत, पाय ठेवू नका. समुद्राकडे पाठ करून फोटो नको. एक घनमीटर पाण्याचं वजन टनभर असतं. गुडघ्याएवढी लाटही उभ्या माणसाला खडकावरून पाडते, आणि पडल्यावर खडकाला चिकटलेल्या कालवांच्या धारदार शिंपल्यांवरून घासत नेते. आजी-आजोबांना वरूनच नमस्कार करू द्या. देवाला तो पोचतो. भरती चढत असेल किंवा रांगेमुळे उशीर झाला असेल, तर प्रदक्षिणा सोडून द्या. पुजारी किंवा गावकरी नको म्हणाले तर वाद घालू नका.

खडकावरून पाण्यात पडलाच, तर पहिली ऊर्मी परत खडक धरायची होते. तीच घातक ठरते, कारण पुढची लाट तुम्हाला त्याच खडकावर आपटते. उताणे व्हा, पाय खडकाकडे ठेवा, खडकापासून थोडं लांब सरका आणि तरंगत मदतीची वाट बघा.

श्रीवर्धन, दिवेआगर हे सपाट किनारे. सपाट किनाऱ्यावर फसवणूक दोन प्रकारची. ओहोटीला पाणी खूप लांब जातं, लोक त्याच्यामागे चालत जातात आणि किनाऱ्यावर बसलेल्या माणसाला त्यांची तोंडंही दिसत नाहीत. मग भरती सुरू होते. उतार पन्नासाला एक असेल आणि पाणी तीन मीटर चढणार असेल, तर पाण्याची कड दीडशे मीटर आत येते, त्यातले पंचाहत्तर मीटर मधल्या दोन तासांत. ती सरळ रेषेत येत नाही. आधी मागच्या खोलगट भागात, तुमच्या आणि किनाऱ्याच्या मधे पाणी भरतं. गाडी वाळूवर नेणाऱ्यांचं हेच होतं. पाण्याजवळची ओली वाळू चालवताना सिमेंटसारखी कडक वाटते. गाडी थांबली, दोन लाटा चाकांखालून गेल्या की चाकं बसतात, ॲक्सिलरेटर दाबला की आणखी बसतात. नंतर ट्रॅक्टर येईपर्यंत इंजिनात खारं पाणी. गाड्या रस्त्यावर ठेवा. अलिबागमार्गे परतताना कुलाबा किल्ल्यात चालत जायचा मोह झाला, तर तोच हिशेब: पूर्ण ओहोटीच्या आधी जा, ओहोटीच्या वेळेला परत निघा. पाणी गुडघ्याला लागत असेल तर किल्ल्यातच थांबा. आत अडकून सहा तास कंटाळा येईल, जीव जाणार नाही.

गणपतीपुळ्याचं वेगळं. तिथे किनारा उतरता आहे. लाट लांब फुटत नाही, अगदी पायाशी येऊन फुटते आणि तेवढ्याच जोराने मागे जाते. तुम्ही घोटाभर पाण्यात उभे असता. मागे जाणारं पाणी टाचांखालची वाळू काढून नेतं, तोल जातो, बसता, आणि पुढची लाट अंगावर फुटते. तिसऱ्या लाटेला तुम्ही कमरेएवढ्या पाण्यात असता आणि पायाखाली उतार असतो. इथे ‘फक्त पाय भिजवतो’ हे वाक्य खरं राहत नाही. भरतीला तर अजिबात नाही. देवदर्शन झाल्यावर त्याच कपड्यांत थेट पाण्यात जाणारे फार. साडी, ओढणी, जीन्स ओली झाली की पायांना गुंडाळते आणि उभं राहू देत नाही. या जागी मुलांना पाण्यात नेऊच नका असं माझं स्पष्ट मत आहे. वाळूत किल्ले बांधू द्या, फक्त कमरेपेक्षा खोल खड्डा नको. ओली वाळू कोसळली तर मूल क्षणात गाडलं जातं.

मालवणात तारकर्ली, देवबाग. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. खाडीचं मुख हे कुठल्याही किनाऱ्यावरचं सगळ्यात धोक्याचं ठिकाण. सगळ्या खाडीचं भरलेलं पाणी ओहोटीला त्या अरुंद तोंडातून निघतं. शिवाय वाळूचे दांडे रोज सरकतात, त्यांची कड एकदम तुटते. घोट्याएवढ्या पाण्यातून पुढचं पाऊल थेट छातीएवढ्या पाण्यात. बोटीने दांड्यावर उतरवलं तर नावाड्याने दाखवलेल्या हद्दीतच राहा. हाच नियम किनाऱ्यावर कुठेही: खाडीच्या तोंडापासून दोन्ही बाजूंना निदान तीनशे-चारशे मीटर पाण्यात उतरायचं नाही.

बोटीत किंवा वॉटर स्पोर्ट्सला लाइफ जॅकेट मिळतं, पण ते घालतात कसं ते बघा. सगळे बकल लावून खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर ओढा. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकलं तर पाण्यात ते डोक्यावरून निघून जाणार. मुलाला मोठ्याचं जॅकेट चालत नाही. मुलाच्या मापाचं नसेल तर मूल बोटीत नको, पैसे गेले तरी. बनाना राइडला शेवटी मुद्दाम पाण्यात पाडतात. नको असेल तर बसण्याआधी सांगा, आणि मुलं बसणार असतील तर सांगाच.

हवेच्या ट्यूब, फुगवायचे बदक, गादी हे समुद्रावर आणूच नका. कोकणात सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. सकाळचं पाणी आरशासारखं दिसतं ते त्यामुळेच, आणि त्याच वाऱ्याने ट्यूब मुलासकट आत सरकते. बाप मागे पोहत जातो, ट्यूब त्याच्यापेक्षा वेगाने जाते. मुलांना भडक नारिंगी किंवा पोपटी-पिवळे कपडे घाला. निळा, पांढरा, राखाडी रंग पाण्यात दिसत नाही. आणि पाच मुलांवर ‘सगळेच लक्ष ठेवतायत’ म्हणजे कोणीच ठेवत नाही. वीस-वीस मिनिटांची, एका वेळी एकाच मोठ्या माणसाची पाळी लावा, त्याच्या हातात मोबाइल नको, आणि तो मुलांपासून हाताच्या अंतरावर हवा. दारू घेतलेल्या माणसाला पाळी नाही आणि पाणीही नाही.

जीवरक्षक असेल तिथेच, तो असेल त्या वेळेतच उतरा. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर दृष्टी मरीनचे जीवरक्षक असतात, लाल-पिवळ्या झेंड्यांमधली जागा त्यांच्या नजरेखाली असते, लाल झेंडा म्हणजे पाण्यात जायचं नाही. महाराष्ट्रात सगळीकडे तशी सोय नाही. काही ठिकाणी ग्रामपंचायतीचे जीवरक्षक आहेत. त्यांनी शिट्टी वाजवली की बाहेर या.

डंखांबद्दल थोडक्यात. उथळ पाण्यातल्या वाळूत पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा, स्टिंगरे) दडलेलं असतं. २०१३ च्या गणेशोत्सवात गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला उतरलेल्या अनेकांना पाकटांनी डंख केले होते. पाऊल उचलून टाकू नका, वाळूत घासत पुढे सरका, म्हणजे पाकट निघून जातं. डंख झालाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, पाय अर्धा ते दीड तास ठेवा आणि डॉक्टरकडे न्या. काटा खोल रुतला असेल तर उपटू नका. पावसाळ्यात आणि नंतर काही दिवस निळ्या फुग्यासारखे ब्लू बॉटल नावाचे समुद्री जीव वाळूत पडलेले दिसतात. मेलेलेही चावतात. धागे चिमट्याने काढा, समुद्राच्याच पाण्याने धुवा, मग गरम पाणी. चोळू नका.

आता ओढीत सापडलात तर. पहिली गोष्ट, ओढ माणसाला खाली खेचत नाही, बाहेर नेते. माणूस बुडतो तो किनाऱ्याकडे सरळ पोहून दमल्यामुळे. उताणे व्हा, हात पसरा, हनुवटी वर, श्वास घ्या. एक हात वर करून ओरडा. बहुतेक ओढी लाटा फुटण्याच्या रांगेपलीकडे सैल पडतात, काही तर वळून माणसाला परत दांड्यावर आणतात. पोहता येत असेल आणि दम असेल, तर किनाऱ्याला समांतर, जिकडे फेस दिसतो तिकडे पोहा. तिथे लाटा आत ढकलतात. एका बाजूला जमलं नाही तर थांबा, तरंगा, दुसऱ्या बाजूला बघा. पायाला जमीन लागत असेल तर पोहू नका, चालत बाहेर या.

आणि दुसरा सापडला तर? एकाच घरातले दोघे-तिघे जातात ते इथे. भाऊ गेला म्हणून भाऊ, मूल गेलं म्हणून आई. मागे उडी मारू नका. हे वाचायला क्रूर वाटतं, मला लिहितानाही वाटतं, पण बुडणारा माणूस हाताला लागेल ते खाली दाबून स्वतः वर येतो. हात धरून साखळी करणंही टाळा, एक लाट साखळी तोडते आणि पाच जण पाण्यात. त्याऐवजी तरंगणारी वस्तू फेका. म्हणून समुद्रावर जाताना प्रत्येक गाडीत हे असू द्या: पाच लिटरचा पाण्याचा रिकामा कॅन, झाकण घट्ट, आत पेलाभर पाणी, म्हणजे फेकल्यावर वाऱ्याने उडत नाही. कॅनच्या मुठीला बांधलेली वीस मीटर दोरी, पाण्यावर तरंगणारी, आठ मिलिमीटर जाडीची, कोळ्यांच्या साहित्याच्या दुकानात मिळते. दोरीचं दुसरं टोक मनगटाला बांधू नका, पायाखाली दाबा किंवा हातात धरा. कॅन माणसाच्या पलीकडे फेका आणि ओढून त्याच्या हाताशी आणा. छातीशी कवटाळायला सांगा. एवढ्या कॅनवर मोठ्या माणसाचं डोकं पाण्यावर राहतं. त्याच वेळी दुसऱ्याने ११२ लावायचा, तिसऱ्याने बोटवाल्यांकडे धावायचं, चौथ्याने त्या माणसावरून नजर हलवायची नाही. नजर हटली की लाटांत डोकं परत सापडत नाही. तटरक्षक दलाचा नंबर १५५४, सागरी पोलिसांचा १०९३, रुग्णवाहिका १०८.

बुडणारा ओरडत नाही, हे सगळ्यांना सांगून ठेवा. तोंड पाण्याच्या पातळीला, डोकं मागे, हात बाजूला पाणी दाबतायत, नजर कुठेच नाही. मुलाला अर्धा-एक मिनिट पुरतं. हसणारं, किंचाळणारं मूल एकदम गप्प झालं तर आधी तिकडे जा.

बाहेर काढल्यावर आपल्याकडे सर्रास होणारी चूक म्हणजे पोट दाबणं, उलटं टांगणं, पालथं घालून पाठीवर मारणं. यातला प्रत्येक सेकंद वाया जातो, आणि पोटातलं उलटून फुप्फुसात जातं. त्या माणसाला हवा हवी आहे. पाठीवर सपाट झोपवा. हाक मारून, खांदा हलवून बघा. श्वास नीट चालू असेल तर कुशीवर वळवा. श्वास नसेल किंवा माशासारखा अधूनमधून आ वासत असेल तर डोकं मागे, हनुवटी वर, नाक चिमटीत धरून तोंडाने पाच श्वास द्या, प्रत्येक वेळी छाती वर आली पाहिजे. मग छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी दाबा: मोठ्या माणसाला पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० च्या लयीत. तीस दाब, दोन श्वास, परत तीस. तोंडातून फेस येत राहील, तो पुसत बसू नका. उलटी झाली तर मान वळवून साफ करा आणि पुढे चालू ठेवा. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबायचं नाही, दर दोन मिनिटांना दाबणारा माणूस बदला. निघण्याआधी घरात उशीवर सगळ्या मोठ्यांनी एकदा हे करून बघा, दोन मिनिटांत किती दम लागतो ते कळेल.

माणूस शुद्धीवर आला, बोलू लागला, ‘आता बरं वाटतंय, हॉटेलवर जाऊ’ म्हणाला तरी त्याला हॉस्पिटलमध्ये न्याच. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी वाढू शकतो, म्हणून निदान सहा ते आठ तास देखरेख लागते. खोकला थांबत नसेल, श्वास भराभर चालू असेल, मूल विचित्र सुस्त वाटत असेल तर वाटेतच १०८ ला कळवा. डॉक्टरांना तीन गोष्टी नेमक्या सांगा: पाण्याखाली अंदाजे किती मिनिटं होता, बेशुद्ध होता का, आणि श्वास कोणी, किती वेळ दिला. ओले कपडे काढून कोरड्या चादरीत गुंडाळून न्या, आणि वाटेत चहा-पाणी पाजू नका.